वाट्याला आलेली विहीर

आमची विहीर सरकारने अधिग्रहणात घेतली, तेव्हा होळी होऊन गेली होती. मी बगीच्यात संत्र्याच्या झाडांच्या बुडाशी सोयाबीनचं कुटार पसरत होते, म्हणजे दिलेला ओलावा उन्हाने लवकर उडू नये. धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, काही माणसं येताना दिसली. तलाठी, ग्रामसेवक, तहसीलमधला एकजण आणि त्यांच्यापुढे माझा चुलत दीर. तो ग्रामपंचायतीत सदस्य होता. त्यांनी विहिरीत टेप सोडला. टेपाचं वरचं टोक दिराच्या हातात होतं.

माझे सासरे विहिरीजवळच्या जांभळाखाली खाटेवर बसून होते. त्यांनी पुतण्याला विचारलं, "काय मोजून राह्यला गा?"

"पानी. गावाले पाह्यजे, काका."

"अन् आमाले?"

"तुमाले प्यायले भेटनच ना. फक्त बगीच्याची मोटार बंद करा लागंल."

तहसीलच्या माणसाने सही मागितली तेव्हा सासऱ्यांनी हात मांडीखाली घेतला, एखाद्या लहान मुलासारखा. माझा नवरा मंगरूळला गेला होता. त्याला फोन केला. तो येईपर्यंत ते सगळे सावलीत बसून राहिले आणि मी त्यांच्यासाठी चहा ठेवला. आलेल्या माणसाला चहा द्यायचा नाही, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

ही विहीर माझ्या आजेसासऱ्यांनी खोदलेली. त्यांना दोन मुलगे. थोरले माझे सासरे, धाकटे या चुलत दिराचे वडील. आमच्याकडे वाटणीची एक रीत आहे. थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा, म्हणजे वाटे पाडणाऱ्याला लबाडी करता येत नाही. सासऱ्यांनी दोन वाटे पाडले. एकात नाल्याकाठचं मुरमाड वावर आणि ही विहीर, दुसऱ्यात आसेगावच्या रस्त्याला लागून असलेली काळी, सपाट जमीन. त्या काळी विहिरीचं पाणी जेमतेम संक्रांतीपर्यंत टिकायचं. धाकट्याने रस्त्याकडचा वाटा उचलला. गावात लोक हसले. थोरल्याने स्वतःच वाटे पाडले आणि स्वतःच फसला, असं म्हणाले.

पुढे नाल्यावर सरकारी बंधारा झाला, नाला खोल करून झाला आणि आमच्या विहिरीला पाणी लागलं. त्यात आमच्या घराने काही पराक्रम केला नव्हता. पलीकडे चुलत सासऱ्यांनी बोअर मारला, मग दुसरा मारला, आणखीही मारले. दर वेळी नुसता पांढरा धुरळा वर आला. ते वारले आणि ती कोरडी काळी जमीन मुलाच्या नावावर आली. मात्र रस्ता मोठा झाला तसे त्याने कडेला दुकानाचे गाळे काढले, ते भाड्याने गेले. त्यामुळे तो काही उपाशी नव्हता. पण रोज धुऱ्यावर उभं राहिलं की त्याला आमच्या ठिबकच्या नळ्या दिसायच्या.

एका दिवाळीत मी त्याच्या घरी संत्री घेऊन गेले होते. त्याने एक सोललं, फोड तोंडात टाकली आणि म्हणाला, "गोड हाये. वहिनी, एक सांगू काय? वाटा माह्या बापानं उचलला. मी थोडीच उचलला?"

मी हसून वेळ मारून नेली. घरी आल्यावर सासऱ्यांना सांगितलं तर ते भडकले. "मंग सडकेवरचे गाळे कोन खाते? थेबी त्याच्या बापानंच उचलले ना? ते बरे गोड लागते!"

मला दोघांचंही पटायचं. माझं माहेर धनजचं. तिथली जमीन भावाच्या नावावर झाली तेव्हा वडील मला म्हणाले होते, तुले लग्नात देल्लं ना. मला कधी वाटाच पडला नाही. त्यामुळे वाटे पाडणाऱ्यांचं आणि उचलणाऱ्यांचं हे भांडण मी उंबऱ्याबाहेर उभं राहून ऐकल्यासारखं ऐकत असे.

बगीचा मात्र माझा होता, निदान मला तसं वाटायचं. आमची मुलगी झाली त्या वर्षी आम्ही कलमं लावली. पहिल्या उन्हाळ्यात ठिबक नव्हतं. मी, नवरा आणि तांड्यावरची एक बाई, आम्ही तिघांनी गुंडांनी, म्हणजे पितळी घागरींनी, पाणी वाहून ती जगवली. ही बाई माझ्याच वयाची. टेकडीवरच्या तांड्यातून ती रोज उतरून यायची. तिचा नवरा ऊसतोडीला जायचा आणि तीही पूर्वी जायची. बगीचा धरल्यापासून निंदण, आळी करणं, तोडणी अशी कामं तिला वर्षभर मिळू लागली, तेव्हा तिने ऊसतोड सोडली. तिची पोरं गावच्या शाळेत जाऊ लागली.

विहीर घेतली त्या वर्षी पाऊस मध्येच तोंड फिरवून गेला. सोयाबीनच्या शेंगा पोकळ निघाल्या. नळयोजनेची विहीर होळीच्या आधीच आटली. गावात ओरड सुरू झाली, तोवर तांड्यावरच्या बाया टेकडीखालच्या झिऱ्यावर, उकरलेल्या खड्ड्यात पाझरणारं पाणी वाटीवाटीने भरत होत्या. त्या गढूळ पाण्याने आमच्याकडे येणाऱ्या बाईच्या धाकट्या पोरीला हगवण लागली. पोरगी वाशीमच्या दवाखान्यात राहून आली. आली तेव्हा तिचे डोळे आत गेले होते आणि मान धरवत नव्हती. त्यानंतर मी त्या बाईला रोज जाताना आमच्या विहिरीचा एक गुंड भरून देऊ लागले. एक गुंड टेकडीवर नेऊन काय होतं, हे दोघींनाही माहीत होतं.

मग ग्रामसभा झाली. बाया एका अंगाला बसल्या होत्या. तांड्यावरच्या बाया मागे, भिंतीला टेकून उभ्या होत्या. चुलत दीर उठला आणि त्याने मांडलं की गावात पाणी असलेली एकच विहीर आहे, ती तहसीलला सांगून पाऊस येईपर्यंत अधिग्रहणात घ्यावी. मोबदला सरकार देईल.

कुणीतरी ओरडलं, "पानी काय कोनाच्या बापाचं हाये काय?"

माझा नवरा उठला. तो सभेत कधी बोलत नसे. "इहीर बापाचीच हाये. मोटार माही हाये. झाडं आमी लेकरासारखी वाढवली. फळ बोराएवढं हाये आता. पानी तोडलं तं फळच नाई, झाडंच जातीन."

"झाडं पुन्हा लागतीन," चुलत दीर म्हणाला. "मानूस पुन्हा लागत नाई."

"मंग तुह्या गाळ्याचं भाडं दे गावाले. टँकर बोलाव त्याच्यावर. थेबी बापाचंच हाये."

लोक हसले. दिराचा चेहरा उतरला. तेवढ्यात पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "भाडं प्याता येते का रे बाबू?" आणि पुन्हा हसू उठलं, पण या वेळी ते आमच्या अंगावर आलं.

माझ्या नवऱ्याने मग आवाज खाली आणला. "अर्धं घ्या. दिवसाआड मले एक पाळी सोडा. नुसती झाडं जगवाले."

यावर काहीजण माना हलवू लागले होते. पण चुलत दीर म्हणाला, "एकाले सूट देल्ली की उद्या सगळेच मांगतीन. हरेकाजवळ काई ना काई मरतच हाये, दादा."

हात वर झाले. दिवाळीत आमच्या घरची संत्री ज्यांच्या घरी जात, त्यातले बरेच हात मी ओळखले. मागे वळून पाहिलं. तांड्यावरच्या बाईचाही हात वर होता. तिची माझी नजर भेटली. तिने हात खाली घेतला नाही. मला तिचा राग आला नाही. मी मात्र कोणत्याच बाजूने हात वर केला नाही. सातबाऱ्यावर माझं नाव नव्हतं, आणि माझ्या शेजारी माझा नवरा बसला होता.

अशा रीतीने ती माणसं टेप घेऊन आमच्या वावरात आली. नवरा मंगरूळहून आला, त्याने कागद वाचला आणि सही केली. न करून काही अडणार नव्हतं. मोटारीची बगीच्याकडे जाणारी जोडणी तोडली आणि विहिरीपासून गावाच्या टाकीपर्यंत काळा पाइप टाकला.

पाइप गावाच्या टाकीपर्यंतच होता. टेकडीवर पाणी चढवायला वेगळी मोटार लागली असती, ती कुणी आणली नाही. तांड्यावरच्या बाया मग थेट आमच्या विहिरीवर येऊ लागल्या. चुलत दीर सकाळी तिथे उभा असायचा. तो त्यांना थांबवायचा.

"आंधी गावाची टाकी भरू द्या वं. मंग तुमी."

"आमी गावात नाई काय?" आमच्याकडे येणारी बाई म्हणाली. "हात वर कराले बलावलं होतं तवा तं होतो."

"हाओ, पन टाकी अर्धवट राह्यली तं खालचे लोक बोंबलतीन."

टाकी भरेपर्यंत विहिरीचं पाणी तळाला जायचं. बायांच्या बादलीत गढूळच यायचं. माझा नवरा हे सगळं जांभळाखालून पाहायचा आणि म्हणायचा, "वाटून राह्यला पाह्य. आंधी गावाले, उरला गाळ तांड्याले." त्याच्या आवाजात तांड्याबद्दलची कळकळ नव्हती. आपल्याकडून नेलेलंही सरळ वाटलं जात नाही, यात त्याला एक कडवट सुख मिळत होतं. मी त्याच्याच घरात राहत होते, म्हणून मला ते कळायचं.

तरी एक गोष्ट सांगायला हवी. त्या उन्हाळ्यात खालच्या गावात गढूळ पाण्याने कुणी आजारी पडलं नाही. बायांना कोसभर चालावं लागलं नाही. शाळेत पोषण आहार शिजत राहिला. हे आमच्या विहिरीने झालं, आणि ते चुलत दिराने घडवून आणलं.

आणि तो स्वतः लबाड नव्हता. आपली जनावरं त्याने मेहुण्याच्या गावी नेऊन बांधली, टाकीच्या पाण्यावर ठेवली नाहीत. गावात एकाने घराचा नवा स्लॅब टाकला होता. त्यावर आळी करून लोक टाकीचंच पाणी तुंबवत होते. माझ्या नवऱ्याने ते पाहिलं आणि सरळ दिराच्या ओट्यावर गेला. भांडणानंतर पहिल्यांदाच. मी मागोमाग गेले, मारामारी होईल या भीतीने.

"चाल," नवरा म्हणाला. "माही झाडं कशासाठी मरून राह्यली थे दाखवतो."

दीर चप्पल न घालता उठला. त्याने जाऊन नळाला लावलेला पाइप ओढून काढला. घरमालक बाहेर आला. "कायले काढला?"

"हे प्यायचं पानी हाये."

"लोकायचं पानी हाये. तू कोन अडवनारा? तुह्या बापाचं हाये काय?"

आणि त्याने दिराच्या कानाखाली मारली. आजूबाजूला माणसं होती. ग्रामसभेत हात वर केलेली. कुणी पुढे झालं नाही. दीर तसाच उभा राहिला, ओला पाइप हातात धरून. माझा नवरा मागे फिरला. वाटेत तो मला म्हणाला, "बरं झालं." थोडं पुढे गेल्यावर पुन्हा म्हणाला, "बरं झालं." पण दुसऱ्यांदा म्हणताना त्याचा आवाज तसा लागला नाही.

मे महिन्यात फळं गळू लागली. आधी बोराएवढी, मग लिंबाएवढी. पानं कडेने वळून चामड्यासारखी झाली. सकाळी बगीच्यात पाय टाकला की खाली हिरवा सडा पडलेला असे. सासऱ्यांना खाटेवरून ते दिसायचं नाही, म्हणून ते मला विचारायचे, "लय गळून राह्यले काय?" मी म्हणायची, "नाई मामाजी, थोडेसेच."

एका दुपारी ते स्वतः उठून गेले. मी वावरातल्या घरात होते. बाहेर आले तर ते वाकून वाकून गळलेली फळं धोतराच्या ओच्यात गोळा करत होते. ओचा भरला की धुऱ्याजवळ जायचे आणि पलीकडे, पुतण्याच्या बाजूला ओतायचे. तिथे एक ढीग झाला होता.

"मामाजी, हे काय करता? ऊन लागंल तुमाले."

"पाहू दे त्याले," ते म्हणाले. "त्याच्या वाट्याचे हाये हे."

चुलत दिराने तो ढीग पाहिला. फेकला नाही, हलवला नाही. तो तिथेच वाळून काळा पडला. पेरणीसाठी वावर मोकळं करायची वेळ आली तेव्हाही त्याने त्याच्या भोवतीने वखर नेला.

सासरे त्या उन्हाळ्यातच गेले. दोन दिवस ताप आला, तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चहा नको म्हटलं आणि दुपारी गेले. डॉक्टर म्हणाले ऊन लागलं असेल, वयही होतं. माझ्या नवऱ्याने मात्र कारण ठरवून टाकलं होतं.

तिरडी उचलायच्या वेळी चुलत दीर खांद्यावर दुपट्टा टाकून पुढे आला. नवरा म्हणाला, "तू हात नको लावू."

"दादा, माहे काका हाये."

"तुह्यानंच मेले."

एक वयस्क भाऊबंद पुढे आले. "असं नाई म्हनू बाबू. रक्ताचा हाये, लावू दे खांदा." नवऱ्याने तिरडीचा पुढचा बांबू उचलला आणि दुसऱ्या अंगाला एका परक्या माणसाला बोलावलं. दीर तसाच मागे राहिला. अंत्ययात्रा निघाली तेव्हा मी दारातून पाहिलं, तो सगळ्यांच्या मागे, बरंच अंतर ठेवून चालत होता. दहाव्याला त्याला कुणी बोलावलं नाही. त्याने आपल्याच ओट्यावर बसून न्हाव्याकडून डोकं भादरून घेतलं. त्याची बायको, माझी चुलत जाऊ, हे सांगायला आमच्या मागच्या दाराशी आली होती. एवढंच सांगून ती गेली.

पाऊस उशिरा आला. पाइप निघाला, मोटार पुन्हा जोडून मिळाली. आम्ही झाडांना खत घातलं, वाळक्या फांद्या छाटल्या, बुंध्यांना बोर्डोचं औषध लावलं. काही झाडांना खालून फुटवे आले. ते कलमाखालच्या रानटी खुंटाचे होते, संत्र्याचे नव्हते. त्यांना कधी गोड फळ धरलं नसतं. नवऱ्याने श्रावणापर्यंत वाट पाहिली. मग एक दिवस झाडं कापायचं यंत्र भाड्याने आणलं.

तांड्यावरून लोक जळण न्यायला आले. नवऱ्याने त्यांना अडवलं नाही. आमची बाईही आली. तिने फांद्यांचा भारा बांधला आणि डोक्यावर घ्यायच्या आधी माझ्याजवळ उभी राहिली.

"आता काय लावसान बाई?"

"सोयाबीन म्हनतात."

"सोयाबीनले मानूस लागत नाई." तिने भाऱ्याची गाठ आवळली. "उसाच्या मुकादमाची उचल घेतली आमच्या मालकानं. दसरा झाला की जाऊन राह्यलो. पोरायलेबी नेतो, इथं कोनाजवळ ठेवू?"

मला काहीतरी बोलायचं होतं. मी म्हणाले, "तू हात वर केला होता." रागाने नाही म्हणाले, पण तोंडातून निघून गेलं.

"केला होता," ती म्हणाली. "आजबी करीन. पोरगी दवाखान्यात होती माही. पन पानी तुमच्याजवळच राह्यलं असतं तं काम तरी राह्यलं असतं. आमाले तं पानीबी गढूळच भेटलं." मग तिने भारा डोक्यावर चढवायला माझी मदत मागितली. मी हात लावला.

पुढच्या निवडणुकीत चुलत दीर पडला. ज्याच्या स्लॅबवरून थप्पड बसली होती, त्याचा भाऊ त्या जागी निवडून आला. विहीर घेतली म्हणून आमच्या भाऊबंदांनी त्याला मत दिलं नाही. नळाचा पाइप काढला म्हणून बाकीच्यांनी दिलं नाही. त्यानंतर तो गावातल्या कुठल्याही गोष्टीत बोलेनासा झाला.

त्या हिवाळ्यात नवऱ्याने जेसीबी बोलावला. मला वाटलं बगीच्यातली खोडं उपटायला आणला असेल. खोडं उपटून झाली. मग जेसीबी विहिरीकडे वळला आणि नवरा काठावर उभा राहून हाताने दाखवू लागला, कुठून ढकलायचं ते.

मी धावत गेले. "हे काय करून राह्यले तुमी?"

"बुजवतो."

"भरलेली हाये. पाह्या ना, कडेपर्यंत हाये पानी."

"म्हनूनच."

"लेकीच्या नावानं तरी ठेवा. तिले काय देसान?"

"लेकीले भांडन देऊ काय?" तो म्हणाला. "नाई पाह्यजे. ना माही, ना त्याची, ना गावाची."

जेसीबीवाल्याने मशीन बंद केलं आणि विचारलं, "भाऊ, पक्कं ना?" तेवढ्यात चुलत दीर धुरा ओलांडून आला. इतक्या महिन्यांत तो आमच्या वावरात पहिल्यांदा पाय ठेवत होता. धाप लागली होती.

"दादा, असं नको करू. पाया पडतो तुह्या. मी चुकलो म्हन, पन आज्याची हाये थे."

"आज्याची हाये तं अर्धी तुही," नवरा म्हणाला. "तुह्या अर्ध्यात तू पानी ठेव. मी माही अर्धी बुजवतो."

मी नवऱ्याचा हात धरला. त्याने तो सोडवून घेतला, झटकला नाही, एकेक बोट हळू काढलं. मग त्याने जेसीबीवाल्याकडे पाहिलं. पहिलं खोड आत पडलं तेव्हा पाण्याचा जो आवाज झाला, तसा आवाज मी त्या विहिरीतून कधी ऐकला नव्हता. त्यावर दुसरी खोडं पडली, मग मुरूम. पाणी आधी वर आलं, काठावरून सांडलं, आम्हा तिघांच्या पायांखालची माती ओली झाली. दीर खाली बसला होता, दोन्ही हात डोक्यावर घेऊन. संध्याकाळपर्यंत तिथे सपाट झालं.

गावात बोलणी झाली. काही म्हणाले, त्याची होती, त्याने बुजवली, कोणाचं काय गेलं? काही म्हणाले, देवाने दिलेलं पाणी मारलं, भोगेल. एकाने तर मला रस्त्यात थांबवून सांगितलं की तुमच्या घरच्याने बरोबर केलं, आता कुणी कुणाच्या तोंडाकडे पाहणार नाही, सगळे सारखे. तो माणूस हे अगदी मनापासून बोलत होता.

मी बराच काळ नवऱ्याशी बोलले नाही. तोही माझ्याशी बोलला नाही. आम्ही सोयाबीन पेरलं, काढलं. कधी कधी तो वावरात त्या सपाट जागेवर उभा राहतो. एकदा मी विचारलं, त्या वेळी सभेने अर्धं पाणी आपल्याला सोडलं असतं तर तुम्ही खरंच गावाला दुसरं अर्धं दिलं असतं का? आनंदाने? तो म्हणाला, "मांगून पाह्यलं असतं तं देल्लंबी असतं." मला खरंच माहीत नाही. त्यालाही माहीत नसावं.

चुलत दिराचं मी आजही वाईट म्हणू शकत नाही आणि चांगलंही म्हणू शकत नाही. त्याच्या बापाने उचललेल्या वाट्याचं ओझं त्याच्या पाठीवर होतं, आणि माझ्या सासऱ्यांना मिळालेल्या दैवाचं ओझं आमच्या पाठीवर नव्हतं. आम्हाला ते आपल्या कष्टाचं वाटायचं. कष्टही होतेच. मी स्वतः गुंडांनी पाणी वाहिलं आहे. कुठे कष्ट संपले आणि कुठे दैव सुरू झालं, हे मी आजही बोट ठेवून सांगू शकत नाही.

यंदा पुन्हा पाऊस कमी झाला. अधिग्रहणात घ्यायला गावात विहीर नाही. टँकर येतो, शाळेजवळ थांबतो. आम्हीही ड्रम घेऊन जातो. परवा माझ्यापुढे माझी चुलत जाऊ होती. तांड्यावरची बाई ऊसतोडीवरून परत आली आहे, वाळून काटकी झाली आहे. तीही आली होती. तिची मोठी पोरगी सोबत होती, ती आता शाळेत जात नाही. ऊन चढलं तसं लोक ड्रम ओळीत ठेवून सावलीला गेले. आम्ही तिघी तिथेच उभ्या राहिलो.

दुपारी ग्रामपंचायतीचा शिपाई सायकलवरून आला आणि म्हणाला, टँकर मंगरूळलाच पंक्चर होऊन पडला आहे, आज येणार नाही. लोकांनी थोडी शिवीगाळ केली आणि ड्रम उचलले. तांड्यावरची बाई पोरीला घेऊन टेकडीखालच्या झिऱ्याकडे निघाली. माझी जाऊ थोडा वेळ उभी राहिली, मग तीही आपला रिकामा ड्रम घेऊन त्याच दिशेने गेली. मी घरी आले, दोन गुंड घेतले आणि त्यांच्या मागोमाग निघाले.